हं म्हणायला कुणीतरी

आदरणीय अध्यक्ष श्री. खंडेराव बोरस्ते, ज्येष्ठ नागरिक संघाचे पदाधिकारी, 'उशाशी'च्या कचेरीतले रवी आणि राखी, येवल्याहून एसटीने आलेल्या आणि व्यासपीठावरची खुर्ची नाकारून नातीला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसलेल्या सुलाबाई, त्यांचे चिरंजीव शेखर, गंगापूर रोडच्या आपल्या कॉलनीतले माझे सगळे शेजारी, आणि जिच्यासाठी आपण इथे जमलो ती सुलाबाईंची लेक वैष्णवी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे वक्तृत्वाच्या तासाला सिस्टर सांगायच्या, बोलताना माणसांकडे बघू नका, घाबराल. मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. या सभागृहातलं घड्याळ गेल्या गणपतीपासून बंद आहे. सेक्रेटरीसाहेब, ही टीका नाही. पण त्यामुळे आज मला तुमच्याकडेच बघून बोलावं लागणार. त्यात अध्यक्षांनी आत येता येताच बजावलं आहे, "टीचर, पाच मिनिटं हां. पोहे निवतायत." खंडेरावसाहेब, प्रयत्न करते. पण आपण स्वतः 'उशाशी'साठी गोष्ट सांगायला बसला होतात तेव्हा दहा मिनिटांची गोष्ट तासावर गेली होती, आणि समोर मी बसले होते, एवढं सभेच्या कानावर घालून ठेवते.

निरोपाच्या समारंभात जाणाऱ्याला काहीतरी द्यायची रीत आहे. संघाने शाल दिली, श्रीफळ दिलं. मी मात्र आज मागायला उभी आहे. वैष्णवीकडून मला एक गोष्ट हवी आहे. घरी चार वेळा ओठांवर आली आणि चार वेळा मी "चहा टाकू का?" असं विचारून मोकळी झाले. म्हटलं, सभेत मागावी. सभेत माणसाला पाठ फिरवून ओट्याकडे जाता येत नाही.

आपल्यापैकी काहीजणांना 'उशाशी' म्हणजे काय ते ठाऊक नसेल. ते फोनमधलं एक अ‍ॅप आहे. घरातल्या माणसाने, म्हणजे आजोबांनी, मावशीने, परगावी नोकरीला असलेल्या बापाने, आपल्या आवाजात गोष्टी सांगून ठेवायच्या. मग मूल अंथरुणावर पडलं की त्याने नुसतं म्हणायचं, "पप्पा, गोष्ट," आणि उशाशी ठेवलेल्या फोनमधून पप्पांचा आवाज येतो. "ही नको, सशाची," म्हटलं की सशाची सुरू होते. "राक्षस कुठे गेला?" असं विचारलं तर त्याचंही उत्तर पप्पांच्याच आवाजात मिळतं, पप्पांनी ते सांगून ठेवलेलं असेल तर. ऐकायला सोपं आहे. माझ्या गच्चीवरच्या खोलीत बसून ते उभं करायला वैष्णवीला तीन वर्षं लागली.

ती खोली बघायला आली तो दिवस मला आठवतो. भाड्याने खोली बघायला येणारे पाण्याची वेळ विचारतात, गाडी कुठे लावायची ते विचारतात. हिने विचारलं, "काकू, इथे आवाज येतो का हो?" मी म्हटलं, "बाळ, या घरात आवाज करायला आहे कोण?" आईवडील गेल्यावर घरात मी एकटी. लग्न केलं नाही, शाळेतून निवृत्त झाले. दुपारी फ्रिज सुरू झाला तरी मला कुणी आल्यासारखं वाटायचं. वैष्णवीला तशीच जागा हवी होती. रेकॉर्डिंगसाठी. माझ्या घराची एवढी तारीफ कुणी केली नव्हती.

मग तिने आणि रवीने खोलीच्या चारही भिंतींना गोधड्या टांगल्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. उरलेल्या गच्चीच्या कठड्यावर वाळत टाकल्या. समोरच्या बंगल्यातून विचारणा झाली, "टीचर, गादीकारखाना काढलात का?" हा रवी माझा जुना विद्यार्थी. दुसरीत होता तेव्हा माझ्या वर्गात बसायचा. अजूनही मी खोलीत गेले की तो खुर्चीवरून उठून उभा राहतो आणि हातातलं काम बिघडवतो.

पहिल्याच आठवड्यात मी वैष्णवीला स्पष्ट सांगितलं होतं, जेवणाचं तू तुझं बघ. मला एकटीने जेवायची सवय आहे. मला तेच बरं वाटतं.

ती म्हणाली, "काहीही, काकू!" आणि मांडणीतून दुसरं ताट काढलं.

हे तिचं पेटंट वाक्य आहे. मी म्हणावं, माझे गुडघे दुखत नाहीत. "काहीही, काकू!" मी म्हणावं, मला दिवाळीचा फराळ आवडतच नाही, कशाला उगाच एकटीसाठी करायचा. "काहीही, काकू!" शाळेत एवढी वर्षं मुलं माझं ऐकून घेत होती, घरात आईवडील ऐकून घेत होते. माझं म्हणणं खोडून काढणारं माणूस मला साठीनंतर मिळालं.

हे सगळं तिने का मांडलं, ते सांगते. हे शेखर बसलेत ना, ते एसटीत चालक आहेत. मुक्कामी गाडीवर असतात. म्हणजे संध्याकाळी गाडी घेऊन गावाला जायचं, गाडीतच झोपायचं, आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत यायचं. त्यांची लेक दिशा येवल्याला, आई आणि आजीजवळ. आणि या बाईसाहेबांना बापाने गोष्ट सांगितल्याशिवाय झोप येत नाही. आजी सांगायला तयार असते. पण सुलाबाईंच्याच शब्दांत सांगायचं तर, "माझी गोस्ट नाय चालत तिला. माझ्या गोस्टीत म्हनं लय लोक मरत्यात."

शेखर मुक्कामाच्या गावाहून फोन करायचे. पण त्या गावात रेंज मिळायची फक्त गाडीच्या टपावर. मग हा माणूस मागची शिडी चढून एसटीच्या टपावर मांडी घालून बसायचा आणि तिथून हत्तीची गोष्ट सांगायचा, हत्तीच्या आवाजासकट. हळूहळू गावातली पोरं खाली गोळा व्हायला लागली. पुढे एक म्हातारे बाबा खाट घेऊन यायला लागले. मग कुणीतरी डेपोत विचारलं, तुमचा ड्रायव्हर टपावर चढून ओरडतो कशाला? साहेबांनी समज दिली आणि टपावर चढणं बंद झालं. इकडे दिशा झोपेना. "दादाचा आवाज मी घरात आणून ठेवते," असं म्हणून आमची वैष्णवी कामाला लागली.

पहिला प्रयोग घरच्याच माणसावर करायचा म्हणून आम्ही येवल्याला गेलो. सुलाबाई पैठणी विणतात. त्या मागावर बसल्या होत्या. वैष्णवीने फोन समोर ठेवला. सुलाबाईंनी आधी तोंडाला पावडर लावून घेतली. फोटो नाही, नुसता आवाज आहे, हे सांगूनही लावली. मग फोनकडे बघितलं, आणि बघतच राहिल्या.

"आई, बोल ना."

"कुनाला बोलू?"

"फोनला. समज दिशाच आहे समोर."

"दिशा हं म्हनते. ह्यो म्हनतो का?"

"फोन कसा हं म्हणेल?"

"मंग मी बी नाय सांगत. भितीला गोस्ट सांगत्यात का कुनी?"

आपण सगळे हे विसरलो होतो. विसरलो होतो ना? लहानपणी गोष्ट सांगणारा म्हणायचा, "हं म्हणा रे, नाहीतर गोष्ट वाट चुकते." हुंकार दिला तर गोष्ट पुढे जायची, नाही दिला तर सांगणारा गप्प. मला मात्र हे आठवायचं काही कारण नव्हतं. वडील रेल्वेत, सारख्या बदल्या, म्हणून मी सातव्या वर्षापासून शाळेच्या वसतिगृहात. तिथे दिवे मालवल्यावर बोलायचं नाही, आणि मराठीत तर मुळीच बोलायचं नाही. पण माझ्या शेजारच्या कॉटवर सगुणा नावाची एक मुलगी होती. ती कुजबुजत गोष्ट सांगायची, मराठीत. हं म्हणावं तर सिस्टरला ऐकू जाणार. म्हणून आम्ही लोखंडी कॉटच्या दांड्यावर नखाने टिचकी मारायचो. टक्. म्हणजे ऐकतेय, पुढे सांग. अंधारात इकडून टक्, तिकडून टक्. एकेक टिचकी कमी व्हायची. शेवटी एकच उरायची. ती बहुधा माझी असायची. मला झोप उशिरा यायची. मग सगुणा म्हणायची, "अंजली, आता मलाच झोप येतेय गं." पाचवीत तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढून नेलं. ती कॉट वर्षभर रिकामी होती.

असो. वैष्णवी मला म्हणाली, "काकू, तुम्ही बसा आईसमोर. तुम्ही हं म्हणा."

मी बसले. सुलाबाईंनी गोष्ट सुरू केली. मी जन्मभर शिक्षिका, पहिलं वाक्य संपताच माझ्या तोंडून गेलं, "व्हेरी गुड."

सुलाबाई थांबल्या. "बाई, पेपर तपासताय का?"

पुन्हा सुरुवात. आता माझं तोंड बंद, पण बोटाला जुनी सवय. मी मागाच्या लाकडावर नखाने टिचकी मारली.

"ठोकू नका हो बाई, धागा हलतोय. तोंडानं म्हना. नुसतं हं."

तेव्हा मी म्हटलं, "हं."

तुम्हाला हसू येईल, पण दुसऱ्याच्या गोष्टीला मोठ्याने हं म्हणायची ती माझी पहिली वेळ होती. सुलाबाईंची गोष्ट सुरू झाली आणि चांगली अर्धा तास चालली. एक श्रीमंत सासू होती, तिला दोन सुना होत्या, धाकटीने थोरलीच्या दुधात काहीतरी कालवलं... मी हं, हं करतेय, आणि वैष्णवी एकदम म्हणाली, "आई! ही कालची सिरियल आहे!" सुलाबाई शांतपणे म्हणाल्या, "मंग? गोस्टच हाय ना ती?"

त्या दिवसापासून मी 'उशाशी'ची हं म्हणणारी बाई झाले. लोक गच्चीवर यायचे, नाहीतर आम्ही त्यांच्या घरी जायचो. फोन एका बाजूला, मी समोर. भीतीच्या जागी वेगळा हं लागतो, लबाड कोल्ह्याला वेगळा. राजाला पाच राण्या होत्या म्हटल्यावर वेगळाच लागतो. आपले अध्यक्ष अंबडच्या कारखान्यात होते. त्यांनी नातवासाठी राजाराणीची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या मिनिटाला स्वारी कारखान्यात. नवी प्रेस मशीन कंटेनरमधून कशी उतरवली, क्रेनचा दोर कसा घसरला, ती गोष्ट. ऐकताना माझे हं हं आपोआप मोठे होत गेले. आता नातू म्हणे रोज तीच मागतो. खंडेरावसाहेब, क्रेनचा दोर तीन वेळा घसरला असं आपण सांगितलंत. मी तिन्ही वेळा हं म्हटलं, हे माझं मोठेपण.

या तीन वर्षांत मी किती घरांतल्या किती माणसांसमोर बसले, हे मोजलं नाही. माणूस गोष्ट सांगताना तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो, तसं एरवी कुणी बघत नाही. संध्याकाळी घरी आले की मी वैष्णवीला सांगायची आणि ती पोळीचा तुकडा हातात धरून ऐकायची. घरातलं दुसरं ताट आता मांडणीत न जाता ओट्यावरच असायचं.

मग एक दिवस रवी माझ्याकडे मोठ्या आनंदाने आला. उठून उभं राहायचं कारण नव्हतं, तो उभाच होता. म्हणाला, "टीचर, सगळ्या गोष्टी साफ केल्या. पंख्याचा आवाज काढला, कुकरच्या शिट्ट्या काढल्या. आणि तुमचे हं तर असे काढलेत, की तिथे कुणी बसलं होतं असं वाटणारच नाही."

मी म्हटलं, "व्हेरी गुड."

रवी, तुझी चूक नव्हती. तुला सांगितलेलं काम तू चोख केलंस. गोष्ट बापाची, ऐकणार लेक, मध्ये या बाईचं काय काम? हे मला पटत होतं. तरी त्या दुपारी मी त्या गोष्टी ऐकत बसले. खंडेराव बोलताहेत, सुलाबाई बोलताहेत, आणि मी कुठेच नाही. रिकामी जागा उरू नये म्हणून त्याने दोन्ही बाजूंची वाक्यं जवळ आणून चिकटवली होती.

ते अ‍ॅप पहिल्यांदा दिशाच्या उशाशी ठेवलं. शेखर मुक्कामाला होते. दिशा म्हणाली, "पप्पा, गोष्ट," आणि पप्पांचा हत्ती निघाला. वैष्णवी, मी, रवी, राखी, सगळे दारामागे उभे. वाटलं, जिंकलो. थोड्या वेळाने पोरगी रडत बाहेर आली.

"काय झालं गं?"

"पप्पा रागावलेत."

"नाही गं, पप्पा गोष्ट सांगतायत ना?"

"मी हं म्हणते तर ते थांबतच नाहीत. माझ्याशी बोलतच नाहीत. ते भिंतीशी बोलतायत."

आजीचंच वाक्य. सुलाबाई तिला कुशीत घेऊन आमच्याकडे बघत होत्या. पावडर लावलेल्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं.

परतीच्या एसटीत वैष्णवी निफाडपर्यंत फोन कानाला लावून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकत होती. मग म्हणाली, "काकू, आपण गोष्ट ठेवली आणि ऐकणाऱ्याची जागाच बुजवून टाकली." दुसऱ्या दिवसापासून तिने आणि रवीने सगळं उसवायला घेतलं. जिथे जिथे माझा हं होता तिथे तिथे पुन्हा जागा मोकळी केली. आता फोन वाक्य संपवून थांबतो. मुलाने हं म्हटलं की पुढे जातो. हं आला नाही तर तेच वाक्य हळू आवाजात पुन्हा म्हणतो. तरी आला नाही, तर समजायचं, मूल झोपलं. गोष्ट तिथेच थांबते. आणि सकाळी गाडी डेपोत पोचून रेंज आली की शेखरना फोनवर कळतं, काल दिशा हत्ती नदीवर पोचायच्या आत झोपली. घरी आल्यावर ते तिथूनच पुढे सांगतात.

आज जी पोरं 'उशाशी'ला हं म्हणून झोपी जातात, ती माझ्या जागेवर झोपतात. हे वाक्य मी काल रात्रीपासून बोलायचं ठरवलं होतं. बोलून टाकलं.

हे सगळं तपासायला कुणीतरी रोज गोष्टी ऐकायला हव्यात. ते कामही माझ्याकडेच आलं. मी भाजी चिरताना फोन ओट्यावर ठेवायची आणि हं म्हणायची. वैष्णवी जिन्यावरून ओरडायची, "काकू, आता झोपा ना! थांबते का ते बघायचंय." मी म्हणायची, "मला झोप कुठे येतेय?" "मग नुसत्या गप्प बसा." ते मला जड जायचं. समोर कुणी बोलत असताना हं न म्हणणं मला जमेना.

आता बंगळूरच्या एका कंपनीने 'उशाशी' आपल्याकडे घेतलं आहे. पुष्कळ भाषांत होणार आहे. वैष्णवीला तिथे मोठी जबाबदारी दिली आहे. मला इतका अभिमान वाटतो की तो मी तीन जणींना फोन करून सांगितला, पैकी एकीला दोनदा. तिथल्या लोकांनी म्हणे समोर हं म्हणणारा सुद्धा फोनच केला आहे. माणूस बसवायची गरज नाही. चांगलंच आहे. प्रत्येक घरी मी कुठे पुरणार होते?

जायचं नक्की झाल्यावर वैष्णवी म्हणाली, "काकू, सगळ्यांच्या गोष्टी झाल्या, तुमची एक राहिली." मी म्हटलं, माझ्याकडे गोष्ट नाही. "काहीही, काकू!" तिने मला गोधड्यांच्या खोलीत नेऊन बसवलं, फोन सुरू केला आणि दार लोटून गेली. मी बसून राहिले. तिने नंतर ऐकलं तेव्हा त्यात एक खोकला होता आणि "अगं वैष्णवी, हे बंद कसं करायचं?" एवढंच होतं.

गेल्या रविवारी तिने आणि रवीने मला एक भेट दिली. एक छोटा फोन. त्यात वैष्णवीचा आवाज आहे. गोष्टी नाहीत, नुसता हं आहे. मी बोलायचं, मी थांबले की तो वैष्णवीच्या आवाजात हं म्हणणार. मधूनच "मग?" म्हणणार. वैष्णवीने माझा हात धरून सांगितलं, "काकू, मी तिकडे गेले तरी तुम्ही संध्याकाळी माझ्याशी बोलत जा." राखीच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं.

वैष्णवी, पुढचं तुला ठाऊक नाही. तुला आणि रवीला वाईट वाटेल म्हणून मी सांगितलं नाही. आज सांगते.

परवा संध्याकाळी तू सामानाच्या खोक्यांसाठी बाहेर गेली होतीस, तेव्हा मी तो फोन ओट्यावर ठेवला आणि बोलून बघितलं. म्हटलं, "आज दूधवाला उशिरा आला." "हं." हुबेहूब तू. मला भरून आलं. म्हटलं, "मागच्या शेवग्याला शेंगा लागल्यात." "हं." "गुडघा जरा दुखतोय." "हं. मग?" मग मला कोण जाणे काय वाटलं, मी म्हटलं, "आज गोदावरी उलटी वाहत त्र्यंबकला परत गेली."

"हं."

"आपले खंडेराव बोरस्ते संन्यास घेऊन हिमालयात गेले. प्रेस मशीन सोबत घेऊन."

"हं. मग?"

मग म्हटलं, "वैष्णवी चालली, पण मला काही वाटत नाही."

"हं."

मी फोन बंद केला, स्वच्छ रुमालात गुंडाळला आणि कपाटात आईच्या शालीखाली ठेवला. टाकला नाही हं. तिथे सुखरूप आहे. पण मुली, ज्याला झोप येऊ शकते त्याचाच हं खरा असतो. आणि ज्याला माझं बोलणं खोटं वाटू शकतं, त्याचाच.

मी तीन वर्षं लोकांपुढे हं म्हणत बसले, तेव्हा मला वाटायचं, ऐकणं म्हणजे हेच. समोरच्याला पुढे जाऊ देणं. तू मात्र माझं तसं कधीच ऐकलं नाहीस. मी खोटं बोलले की तू मला पुढे जाऊच दिलं नाहीस. म्हणून तर दुसरं ताट मांडणीतून बाहेर आलं.

तर माझं मागणं एवढंच. रोज फोन कर असं मी म्हणणार नाही. तिथे तुझं काम असेल, नवी माणसं असतील. पण कधीतरी, तुझ्या सवडीने, फोन कर आणि विचार, "काकू, कशा आहात?" मी म्हणेन, "अगदी मजेत." त्यानंतर काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे.

खंडेरावसाहेब, आटोपते. आमच्या अ‍ॅपचा नियमच आहे, समोरचं मूल झोपलं की गोष्ट थांबवायची, आणि दिशा मघाशीच आजीच्या मांडीवर झोपली आहे. सुलाबाई, तिला हलवू नका.

वैष्णवी, उद्या तू सुखाने जा. माझी मुळीच काळजी करू नकोस. मला कामं पुष्कळ आहेत. वरची खोली रिकामी झाली म्हणजे बरंच होईल, गोधड्या उन्हात घालता येतील. जिन्यावर चपलांचा आवाज नसला की मला दुपारी निवांत झोप लागेल. संध्याकाळी संघात येऊन क्रेनच्या दोराची गोष्ट ऐकेन. एका ताटाचा स्वयंपाक किती लवकर होतो! तू गेलीस तरी मला अजिबात एकटं वाटणार...

ऐकलंत? माइकवर आलं का? मागच्या रांगेतल्यांना कळलं नसेल, म्हणून मीच सांगते. पहिल्या रांगेतून आत्ता, डोळे पुसता पुसता, कुणीतरी ओरडलं, "काहीही, काकू!"

झालं. मला हवं होतं ते मिळालं.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल संघाची, वेळ दिल्याबद्दल अध्यक्षांची, आणि मध्ये कुणी उठून गेलं नाही याबद्दल आपणा सगळ्यांची मी ऋणी आहे. माझं निम्मं मराठी शाळेच्या नजरेआड कुजबुजत शिकलेलं आहे. त्यात काही वावगं, कमीजास्त बोलले असेन तर मोठ्या मनाने पोटात घाला. पोहे निवले असतील, तर त्याची क्षमा मात्र मी मागत नाही. ती त्या बंद घड्याळाने मागावी.

नमस्कार.